पाणी एक, उपयोग अनेक : नद्या व जलाशयांच्या वर्गवारीचा अर्थ

पाणी चांगले की वाईट, असा प्रश्न आपण सहज विचारतो. शास्त्राच्या दृष्टीने मात्र तो अपुरा आहे. पाणी कशासाठी चांगले, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. मासे जगतील असे पाणी माणसाच्या पिण्यास योग्य असेलच असे नाही. उलट, माणसाला पिऊन लगेच अपाय होत नाही असे पाणी वर्षानुवर्षे शेताला दिल्यास जमीन नापीक होऊ शकते. म्हणूनच नद्या, तलाव व धरणे यांतील पाण्याची गुणवत्ता आणि उपयोग यांची सांगड घालून वर्गवारी करण्याची पद्धत जगभर रूढ झाली. ही वर्गवारी काय आहे, ती कशी वाचावी आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि विकास कार्यात गुंतलेले अधिकारी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण कोणत्या स्रोतातून गावाला पाणी द्यावे, याविषयीचे ठराव अखेर त्यांच्याच सह्यांनी होत असतात.

वडनेर भोलजीच्या भोवतालचे पाणी

बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी हे मुंबई-नागपूर राष्ट्रीय महामार्गावरील गाव. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि उत्तरेला पूर्णा नदीचे सपाट, काळ्याभोर मातीचे खोरे, अशा दोन प्रदेशांच्या दरम्यान ते वसले आहे. घाटमाथ्यावरून उतरलेली विश्वगंगा याच परिसरातून उत्तरेकडे जाऊन पूर्णेस मिळते. पूर्णा पुढे पश्चिमेस वाहत जाऊन जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीला मिळते. याच जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरची पैनगंगा मात्र वर्धा नदीमार्गे गोदावरीच्या खोऱ्यात जाते.

या गावाला मध्यबिंदू धरून जिल्ह्याकडे पाहिले तर पाण्याचे किती भिन्न प्रकार एकाच जिल्ह्यात नांदतात, हे ध्यानात येते. घाटावर येळगाव येथे पैनगंगेवर बांधलेल्या धरणाचे पाणी बुलढाणा शहराला पिण्यासाठी पुरविले जाते. मोताळा तालुक्यात नळगंगेचे धरण सिंचनाच्या कामी येते. उत्तरेस पूर्णेकडे जावे तसतसे विहिरींचे पाणी मचूळ लागू लागते, कारण तेथून खारपाणपट्टा सुरू होतो. आणि जिल्ह्याच्या दक्षिण भागात लोणारचे सरोवर आहे. त्याचे पाणी पिण्यास, पोहण्यास वा शेतीस यांपैकी कशासही चालत नाही, तरीही त्याची कीर्ती जगभर आहे. या चारही पाण्यांना एकच मापदंड लावता येणार नाही, हे उघड आहे. वर्गवारीची गरज येथूनच निर्माण होते.

कायद्याची पार्श्वभूमी

जलप्रदूषणाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने देशपातळीवरील कायद्याच्या आधीच पाऊल उचलले होते. महाराष्ट्र जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम, १९६९ अन्वये ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे मंडळ स्थापन झाले. त्यानंतर संसदेने १९७४ मध्ये जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम संमत केला आणि केंद्रीय मंडळ अस्तित्वात आले. महाराष्ट्राने हा केंद्रीय कायदा १९८१ मध्ये स्वीकारला.

प्रदूषण रोखावयाचे तर कोणत्या मर्यादेपर्यंत, हा प्रश्न या मंडळांपुढे प्रथमच उभा राहिला. देशातील प्रत्येक नदी हिमालयातील झऱ्यासारखी निर्मळ ठेवावी असे म्हणणे सोपे असले तरी व्यवहार्य नव्हते. तेव्हा केंद्रीय मंडळाने एक सुबोध तत्त्व स्वीकारले. नदीच्या एखाद्या पट्ट्यातील पाण्याचे जे अनेक उपयोग होतात, त्यांपैकी ज्या उपयोगास सर्वांत उच्च दर्जाचे पाणी लागते, तो त्या पट्ट्याचा 'निर्दिष्ट सर्वोत्तम उपयोग' समजावयाचा आणि त्या उपयोगास लागणारी गुणवत्ता तेथे राखावयाची, असे हे तत्त्व आहे. एकाच घाटावर लोक पिण्यासाठी पाणी भरत असतील, स्नान करीत असतील आणि गुरेही धूत असतील, तर निकष पिण्याच्या पाण्याचा लागेल, गुरांच्या पाण्याचा नव्हे.

पाच वर्ग

या तत्त्वानुसार भूपृष्ठावरील गोड्या पाण्याचे पाच वर्ग करण्यात आले.

'अ' वर्ग : पारंपरिक शुद्धीकरण प्रक्रियेविना, केवळ निर्जंतुक करून पिण्यास वापरता येईल असा स्रोत. प्रत्येक १०० मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या ५० किंवा त्याहून कमी, विरघळलेला प्राणवायू लिटरला ६ मिलिग्रॅम किंवा अधिक, जैविक प्राणवायू मागणी २ मिलिग्रॅम किंवा कमी आणि सामू ६.५ ते ८.५ असावा लागतो.

'ब' वर्ग : उघड्यावरील सामुदायिक स्नानास योग्य पाणी. कोलिफॉर्म ५०० पर्यंत, प्राणवायू किमान ५, जैविक प्राणवायू मागणी कमाल ३ आणि सामू ६.५ ते ८.५.

'क' वर्ग : गाळणे, निवळणे इत्यादी पारंपरिक प्रक्रिया व निर्जंतुकीकरण केल्यानंतर पिण्यास वापरता येईल असा स्रोत. कोलिफॉर्म ५,००० पर्यंत, प्राणवायू किमान ४, जैविक प्राणवायू मागणी कमाल ३ आणि सामू ६ ते ९.

'ड' वर्ग : वन्यजीव व मत्स्यसंवर्धनास योग्य पाणी. प्राणवायू किमान ४, मुक्त अमोनिया (नत्राच्या रूपात) कमाल १.२ मिलिग्रॅम आणि सामू ६.५ ते ८.५.

'इ' वर्ग : सिंचन, कारखान्यांतील शीतन व नियंत्रित विसर्ग यांस योग्य पाणी. सामू ६ ते ८.५, विद्युत्‌वाहकता कमाल २,२५० मायक्रोम्हो प्रति सेंटिमीटर, सोडियम अधिशोषण गुणोत्तर कमाल २६ आणि बोरॉन कमाल २ मिलिग्रॅम.

यांपैकी कोणत्याही वर्गात न बसणारे पाणी 'इ' वर्गाच्याही खालचे समजले जाते.

महाराष्ट्राने आपल्या नद्यांसाठी चार वर्गांची स्वतंत्र रचना केली होती. केवळ निर्जंतुक करून सार्वजनिक पुरवठ्यास योग्य ते 'अ-१', प्रक्रिया करून पुरवठ्यास योग्य ते 'अ-२', मनुष्याच्या पिण्यास अयोग्य पण मासे व वन्यजीवांस योग्य ते 'अ-३' आणि शेती व उद्योगांस योग्य ते 'अ-४'. नदीचा वर्ग पाहून तिच्या काठापासून किती अंतरावर कोणता उद्योग उभारता येईल हे ठरविणारे धोरणही राज्यात २००० पासून अमलात होते. २०१५ मध्ये ते रद्द करण्यात आले. जुन्या नस्त्यांमधून आणि अहवालांमधून हे दोन्ही प्रकारचे वर्ग आढळतात. म्हणून 'अ' हे अक्षर दिसताच पाणी पिण्यास उत्तम आहे, असा समज करून घेऊ नये. 'अ-४' हा पिण्याच्या पाण्याचा वर्गच नव्हे.

कसोट्या काय सांगतात?

वरील आकडे प्रथमदर्शनी क्लिष्ट वाटतात. परंतु प्रत्येक आकड्यामागे एक साधी गोष्ट आहे.

विरघळलेला प्राणवायू हा जलचरांचा श्वास होय. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. विदर्भातील उन्हाळ्यात 'अ' वर्गाची ६ मिलिग्रॅमची अट पाळणे म्हणजे पाणी जवळजवळ पूर्ण क्षमतेने प्राणवायूयुक्त ठेवणे होय. थोडीशी घाणही तेव्हा जड जाते.

जैविक प्राणवायू मागणी म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजविताना सूक्ष्मजीव जो प्राणवायू खातात त्याचे माप. ही कसोटी इंग्लंडमधील सांडपाणी आयोगाने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आणली. तेथे पाच दिवसांची मुदत धरण्यात आली. त्या देशातील नद्या उगमापासून समुद्रापर्यंत पोहोचण्यास त्याहून अधिक वेळ घेत नाहीत, असे त्याचे कारण सांगितले जाते. आपल्याकडील उष्ण हवामान लक्षात घेऊन भारतात २७ अंश तापमानाला तीन दिवसांची चाचणी रूढ झाली आहे.

या कसोटीचे महत्त्व एका सोप्या हिशेबाने पटेल. गावातील गटाराच्या पाण्याची मागणी लिटरला २५० मिलिग्रॅम आहे आणि नदीच्या स्वच्छ पाण्याची १ मिलिग्रॅम आहे, असे समजू. ९९ लिटर नदीच्या पाण्यात केवळ १ लिटर सांडपाणी मिसळले, तरी मिश्रणाची मागणी सुमारे ३.५ होते. म्हणजे शंभरातील एक भाग गटाराच्या पाण्यानेदेखील नदी 'ब' आणि 'क' या दोन्ही वर्गांतून बाहेर पडते. पावसाळ्यात नदी दुथडी वाहत असताना हा दोष झाकला जातो. पण विश्वगंगेसारख्या लहान नद्यांची धार पावसाळा सरल्यावर क्षीण होते. तेव्हा सांडपाणी तेवढेच राहते आणि त्याला विरळ करणारे पाणी मात्र उरत नाही. ऑगस्टमधील नमुन्यावरून मे महिन्याचा निष्कर्ष काढता येत नाही, तो याच कारणाने.

कोलिफॉर्म जिवाणू हे मलमूत्राच्या संसर्गाची सूचना देणारे निदर्शक आहेत. पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू प्रत्येक वेळी वेगवेगळे शोधीत बसणे शक्य नसते. म्हणून जे जिवाणू विष्ठेत हटकून आढळतात, त्यांची मोजणी करून धोक्याचा अंदाज घेतला जातो.

वर्ग म्हणजे प्रमाणपत्र नव्हे

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानी घ्यावयास हवा. नदीला जो वर्ग नेमून दिलेला असतो, ते तिचे उद्दिष्ट असते. तिची आजची स्थिती नव्हे. 'क' वर्ग म्हणून निर्दिष्ट केलेल्या पट्ट्यात प्रत्यक्ष पाणी 'ड' वर्गाचे आढळले, तर नदीचा वर्ग खाली आणावयाचा नसून पाण्याची गुणवत्ता वर न्यावयाची असते. निर्दिष्ट वर्ग आणि प्रत्यक्ष गुणवत्ता यांतील अंतर हेच प्रदूषण नियंत्रणाच्या कार्याचे माप होय.

हे अंतर मोजण्यासाठी केंद्रीय मंडळ नद्यांच्या प्रदूषित पट्ट्यांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करते. जैविक प्राणवायू मागणी ३ मिलिग्रॅमच्या वर गेली की तो पट्टा प्रदूषित गणला जातो आणि तीव्रतेनुसार त्याला पाच अग्रक्रमांपैकी एक दिला जातो. ३० मिलिग्रॅमच्या वर असलेला पट्टा पहिल्या अग्रक्रमाचा, तर ३ ते ६ च्या दरम्यानचा पाचव्या. २०१८ च्या यादीत देशातील ३५१ पट्टे होते. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते. मलकापूर तालुक्यातील धूपेश्वर हे ज्याचे एक टोक आहे, असा पूर्णेचा पट्टाही त्या यादीत होता. २०२२ च्या अहवालात देशातील पट्ट्यांची संख्या ३११ वर आली. महाराष्ट्रातील संख्या मात्र ५५ झाली आणि ती सर्व राज्यांत सर्वाधिक होती.

क्षारांचा प्रश्न

आता वर्गवारीच्या एका मर्यादेकडे वळू. वडनेर भोलजीच्या उत्तरेकडील गावांच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. पाच वर्गांच्या वरील कोष्टकात 'अ', 'ब' आणि 'क' या वर्गांसाठी पाण्यातील एकूण क्षारांची कोणतीही अट नाही. ही रचना मुख्यतः सांडपाण्याने होणारे प्रदूषण डोळ्यांपुढे ठेवून झालेली आहे. त्यामुळे जिवाणूंची संख्या अल्प, प्राणवायू भरपूर आणि सेंद्रिय घाण नगण्य असलेले, परंतु चवीला खारट असे पाणी या कोष्टकात 'अ' वर्गातही बसू शकेल.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. नांदुरा तालुक्याचा उत्तर भाग, तसेच शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद व मलकापूर या तालुक्यांचे काही भाग त्यात मोडतात. नदीने आणून टाकलेल्या गाळाचा थर येथे फार खोल आहे. माती चिकण असल्याने पाणी खाली झिरपत नाही, क्षार धुऊन जात नाहीत आणि भूजलात साठून राहतात. या भागात मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू येतात. त्यांची कारणमीमांसा हा वैद्यकशास्त्राचा विषय आहे. परंतु पिण्याच्या पाण्याचा स्रोत निवडताना क्षार तपासणे अटळ आहे, एवढे निश्चित.

त्यासाठी दुसरे मानक उपलब्ध आहे. नळाला किंवा हातपंपाला येणाऱ्या पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० लागू होते. २०१२ च्या सुधारित मानकानुसार एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहेत. दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर २,००० पर्यंत सवलत आहे. क्लोराइडसाठी या मर्यादा २५० व १,०००, फ्लोराइडसाठी १ व १.५ आणि एकूण काठिण्यासाठी २०० व ६०० अशा आहेत. नायट्रेटला मात्र ४५ मिलिग्रॅमच्या पुढे कोणतीही सवलत नाही. स्रोत निवडताना वर्गवारीचे कोष्टक आणि हे मानक अशी दोन्ही पाने शेजारी ठेवूनच निर्णय घ्यावयास हवा.

याबाबतीत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पाणी उकळले किंवा त्यात क्लोरीनची भुकटी टाकली की ते सर्व दोषांपासून मुक्त होते, असे अनेकांना वाटते. वस्तुतः या उपायांनी जंतू मरतात. क्षार तसेच राहतात, उलट उकळताना पाणी आटल्याने क्षारांचे प्रमाण किंचित वाढते. क्षार काढणारी यंत्रे बसविलेल्या गावांत दुसरा प्रश्न उद्भवतो. यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मूळ पाण्याहूनही खारट असते. ते विहिरीजवळ सोडले तर तोच क्षार पुन्हा स्रोतात उतरतो.

शासनाने या पट्ट्यात अनेक ठिकाणी दूरच्या गोड्या पाण्याचा मार्ग पत्करला आहे. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील गावांसाठी सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणातून आखलेली १४० गावांची योजना हे त्याचे उदाहरण होय. गावात विहीर असताना दूरच्या धरणाचे पाणी कशाला, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर क्षारांच्या आकड्यांत आहे.

शेतीसाठी पाणी : २६ या आकड्याचे मर्म

सिंचनाच्या पाण्याविषयी तर अधिकच सावध राहावयास हवे. 'इ' वर्गातील २,२५० ची विद्युत्‌वाहकता आणि २६ चे सोडियम गुणोत्तर या मर्यादा अमेरिकेतील क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रख्यात पुस्तिकेतील वर्गवारीशी जुळतात. पाण्यातील सोडियमचे कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी असलेले प्रमाण म्हणजे हे गुणोत्तर. सोडियम अधिक झाले की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रे बुजतात आणि जमीन ओली असता चिखल व सुकली असता दगड होते.

परंतु त्या पुस्तिकेतील आलेख पाहिला तर २६ ही मर्यादा अत्यल्प क्षार असलेल्या, म्हणजे सुमारे १०० वाहकतेच्या पाण्यासाठी आहे. क्षार वाढतात तशी ती रेषा खाली उतरते आणि वाहकता २,२५० जवळ पोहोचते तेव्हा ती १४ च्या आसपास येते. समजा, एखाद्या स्रोताची वाहकता १,८०० आणि सोडियम गुणोत्तर १६ आहे. 'इ' वर्गाच्या दोन्ही अटी ते पाणी पूर्ण करते. त्या आलेखात मात्र तेच पाणी सोडियमच्या दृष्टीने सर्वांत घातक गटात पडते. शिवाय, बारीक पोताच्या भारी चिकण जमिनीत कमी गुणोत्तराचे पाणीही अपाय करू शकते, असा इशारा त्याच पुस्तिकेत दिलेला आहे. आणि पूर्णेकाठची जमीन नेमकी तशीच आहे.

या अपायाचे आणखी एक वैशिष्ट्य शेतकऱ्यांना फसविते. खारट पाण्याने सिंचन चालू असताना क्षारांमुळेच मातीचे कण एकत्र राहतात. म्हणून रब्बीत काही बिघडल्यासारखे दिसत नाही. पावसाळ्याचे मऊ पाणी पडले की वरचे क्षार धुतले जातात, मागे राहिलेले सोडियम आपला प्रभाव दाखविते आणि जमीन पाणी पिईनाशी होते. दोष पावसाचा वाटतो. मूळ कारण मात्र मागील हंगामातील सिंचनात असते. बिघडलेली जमीन जिप्सम, सेंद्रिय खते व निचऱ्याची सोय यांनी सुधारता येते, पण त्याला वर्षे लागतात व खर्चही पुष्कळ येतो. या पट्ट्यातील जुने शेतकरी विहिरीला पाणी असूनही कोरडवाहू कापूस, तूर, हरभरा घेत आले, यामागे हाच अनुभव आहे. शेततळ्यात साठविलेल्या पावसाच्या पाण्याने एखाददुसरे संरक्षित पाणी देणे हा येथे हितकर मार्ग ठरतो.

नांदुरा तालुक्यात जिगाव येथे पूर्णेवर हाती घेण्यात आलेल्या मोठ्या प्रकल्पाच्या संदर्भातही हे तत्त्व लक्षात ठेवावे लागेल. पुराचे साठविलेले पाणी विहिरीच्या पाण्याहून गोडे असते हे खरे. तथापि निचरा नसलेल्या चिकण जमिनीस ते मुबलक दिले तर भूजलाची पातळी वर येते आणि खालचे क्षार पृष्ठभागावर येतात. पाण्याच्या वर्गासोबत जमिनीचा वर्गही पाहिला पाहिजे, तो यासाठी.

सरोवरांची वेगळी तऱ्हा

वाहती नदी आपली घाण काही प्रमाणात पुढे नेते व वाटेत प्राणवायू मिळवून स्वतःला सावरते. तलावाला ती सोय नाही. त्यात आलेले नत्र व स्फुरद तेथेच साठतात. म्हणून तलावांची वर्गवारी पोषकद्रव्यांच्या प्रमाणावरूनही केली जाते : अल्पपोषित, मध्यमपोषित व अतिपोषित. अल्पपोषित तलावाचे पाणी नितळ असते. अतिपोषित तलाव शेवाळाने हिरवा होतो, जलपर्णीने झाकला जातो आणि रात्री प्राणवायू संपून पहाटे मासे मरतात. कोल्हापूरच्या रंकाळ्यात मिसळणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न असाच तीव्र झाला होता व त्या तलावाचा राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत समावेश करावा लागला.

ही स्थिती अजमावण्याचे एक साधे साधन इटलीतील शास्त्रज्ञ सेकी यांनी १८६५ मध्ये वापरले. पांढरी किंवा काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडावयाची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजावयाची. शाळेतील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली धरणावर हा प्रयोग दर महिन्याला करू शकतील. पावसाळ्यातील गढूळपणा गाळाचा असतो, शेवाळाचा नव्हे, एवढे भान मात्र ठेवावे.

लोणारचे सरोवर या सर्व वर्गांच्या पलीकडचे आहे. उल्कापाताने निर्माण झालेल्या या विवरातील पाण्याचा सामू १० च्या घरात असल्याने ते पाचांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही. म्हणून त्याला दूषित म्हणावयाचे काय? मुळीच नाही. तो त्याचा नैसर्गिक स्वभाव आहे आणि त्यावर तेथील विशिष्ट सूक्ष्मजीवसृष्टी अवलंबून आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या वाढीमुळे ते घडल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. त्याच वर्षी या सरोवराचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या रामसर यादीत समावेश झाला. गावाचे सांडपाणी मिसळून लोणारचे पाणी गोडे होऊ लागले, तर कोष्टकात ते कदाचित वरच्या वर्गाकडे सरकेल. प्रत्यक्षात मात्र ती हानीच ठरेल. वर्गवारी माणसाच्या उपयोगाचे माप आहे, निसर्गाच्या मोलाचे नव्हे, हा धडा लोणार शिकविते. युरोपीय राष्ट्रांनी २००० मध्ये केलेल्या जलविषयक निर्देशात याच विचाराने नदीची वर्गवारी तिच्या जीवसृष्टीच्या आरोग्यावरून करण्याची पद्धत स्वीकारली आहे.

गावाने काय करावे?

गावपातळीवर या साऱ्याचा उपयोग करावयाचा तर पुढील गोष्टी सहज साध्य आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे स्रोतांची नोंदवही. गावातील नदी, नाला, पाझर तलाव, विहिरी व हातपंप यांची यादी करून प्रत्येकापुढे त्याचे आजचे उपयोग लिहावेत : पिणे, गुरे, धुणे, शेती. जेथे पिण्याचा उपयोग आहे, तेथे निकष पिण्याचाच लावावा.

दुसरी गोष्ट नमुन्याची. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असे वर्षातून किमान दोन वेळा नमुने घ्यावेत. नदीचा नमुना काठावरून न घेता प्रवाहाच्या मध्यभागी, पृष्ठभागाच्या सुमारे एक फूट खालून, बाटलीचे तोंड प्रवाहाकडे करून घ्यावा. हातपंप आधी काही मिनिटे चालवावा. जिवाणूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली वापरावी आणि ती बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. बाटलीवर दिनांक, वेळ व ठिकाण लिहिले नसेल तर अहवालास अर्थ राहत नाही.

तिसरी गोष्ट अहवाल वाचण्याची. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला की तो केवळ नस्तीला न लावता ग्रामसभेत वाचावा. नमुना कोणत्या महिन्यातील आहे, जंतूंचा दोष आहे की क्षारांचा, आणि हा दोष गावात दूर होण्याजोगा आहे की स्रोतच बदलावा लागेल, असे तीन प्रश्न विचारावेत. जंतूंचा दोष निर्जंतुकीकरणाने व परिसर स्वच्छतेने दूर होतो. क्षारांचा दोष तसा होत नाही. स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीस मिळणारे लाल, पिवळे व हिरवे कार्ड प्रामुख्याने साथरोगांच्या जोखमीचे निदर्शक आहे. हिरवे कार्ड मिळाले म्हणजे क्षारांचाही प्रश्न मिटला, असा अर्थ काढू नये.

चौथी गोष्ट नदीच्या वरच्या व खालच्या गावांची. आपल्या गावाचे सांडपाणी विश्वगंगेत सोडताना खालच्या गावाची विहीर तिच्याच काठी आहे, हे स्मरावे. शोषखड्डे, परसबागा व सांडपाण्याची साधी तळी यांच्या योगे शंभरातील तो एक भाग नदीबाहेर ठेवता येतो. वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे नदीचा वर्ग राखण्यास तेवढेही पुष्कळ आहे.

पाण्याचा वर्ग प्रयोगशाळा सांगते. त्या पाण्याचा उपयोग मात्र गाव ठरविते. अयोग्य पाणी योग्य समजून वापरले तर त्याची किंमत माणसांच्या प्रकृतीला आणि जमिनीच्या सुपीकतेला मोजावी लागते. आणि योग्य पाणी निष्काळजीपणे वर्गाखाली गेले, तर ते परत आणण्यास दशके लागतात. म्हणून पाणीपुरवठ्याच्या, सिंचनाच्या वा गटाराच्या प्रत्येक ठरावाआधी 'हे पाणी कशासाठी?' हा प्रश्न ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहिला गेला पाहिजे, आणि त्याच्या उत्तरापुढे तपासणीचा दिनांक व आकडा असला पाहिजे.